खोटी साद

अमेरिकेंतले टर्कीचे शिकारी आपल्याजवळ एक लांकडी डबी बाळगतात. डबीच्या पातळ कडेवर खडू लावलेलें झांकण घासलें कीं मादीच्या बोलण्यासारखा आवाज निघतो, आणि वसंतांत पिसारा फुलवून हिंडणारा नर तिकडे ओढला जातो. आर्कान्सा राज्यांतल्या हेन्री गिब्सन नांवाच्या गृहस्थानें १८९७ सालीं अशा डबीचें पेटंट घेतलें. त्याच्याहि पुष्कळ आधीं तेथील मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखांतल्या हाडांची नळी करून ती ओठांनीं ओढून वाजवीत. पाटीवर काडी घासण्याचा एक प्रकार आहे, टाळूला चिकटवून फुंकायचा पडदाहि आहे. नवशिक्यानें मात्र डबी घ्यावी, असा जाणत्यांचा सल्ला असतो. तिला मनगटापलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.

आमच्या माळावर रानटर्की नाहीं; तित्तिर आहे. नांदेडहून कंधारकडे किंवा लातूरहून अहमदपूरकडे जातांना बालाघाटाच्या उतारांवर बोरीबाभळींचीं जाळीं लागतात. तेथें सकाळीं त्याचा खणखणीत आवाज ऐकूं येतो. याज्ञवल्क्यानें ओकून टाकलेलीं यजूंषि शिष्यांनीं तित्तिर होऊन वेंचलीं, आणि त्यावरून तैत्तिरीय शाखा हें नांव पडलें, अशी कथा आहे. या पांखराचें बोलणेंहि घोकून पाठ केल्यासारखेंच आहे, यांत शंका नाहीं. उत्तरेकडे त्याच्या काळ्या भावंडाच्या बोलांत भाविकाला 'सुभान तेरी कुदरत' ऐकूं येतें आणि वाण्याला 'लसूण, प्याज, अद्रक'. आमचा करडा तित्तिर 'पतीला, पतीला' म्हणतो. पंतोजीला त्यांत काय ऐकूं यावें, हें अजून कुणी ठरविलेलें नाहीं.

हा आवाज तोंडानें काढायला मला एका म्हाताऱ्या फांसेपारध्यानें शिकविलें. मी त्याला बाबा म्हणतों, तो मला मास्तर म्हणतो. 'प्राध्यापक' या शब्दाची त्यानें कधीं पर्वा केली नाहीं. साधन कोणतें निवडावें, हा माझा पहिला प्रश्न होता. शिट्टी, वेळूची नळी, दोन बोटांत धरलेलें पान, असे सारे पर्याय मीं वर्गांत मांडावे तसे त्याच्यापुढें मांडले. तो शांतपणें म्हणाला, "मास्तर, तोंड घरी इसरत न्हाई माणूस. तेच बरं."

पहिले पंधरा दिवस त्यानें मला ओठ उघडूं दिले नाहींत. नुसतें ऐकायला लावलें. नर आधीं दोन-तीन सुटे, दबके स्वर काढतो, मग त्याचा ठेका चढत जातो, आणि पुष्कळदां मादी त्यांत आपला सूर मिसळते. जीभ टाळूवरून कशी सोडावी, श्वास कुठून द्यावा, हें सारें महिन्याभरांत येतें. कठीण आहे ती मधली शांतता. साद घातली कीं थांबायचें. उत्तर आलें तरी लगेच तोंड उघडायचें नाहीं. ज्याचा जन्म पन्नास-पन्नास मिनिटें अखंड बोलण्यांत गेला, त्याला ही तपश्चर्या किती जड जाते हें त्या व्यवसायांतले लोकच जाणोत. "लई बोललं की पाखरू वळखतं," असें बाबा सांगे.

टर्कीचा नर येतो तो प्रीतीला भुलून. तित्तिर येतो तो भांडायला. माळाचा एक तुकडा त्यानें आपला मानलेला असतो. तेथें परका नर बोलला कीं हा मान ताठ करून जाळींतून बाहेर पडतो. "तितर वरडत न्हाई, मास्तर. जाब इचारतो." म्हणूनच पूर्वीं पारधी पाळलेला तित्तिर पिंजऱ्यांत घालून नेत आणि भोंवतीं फांसे मांडीत. प्रेमाच्या हांकेपेक्षां भांडणाच्या हांकेला ओ देणारे जगांत अधिक, असें माझें मत आहे. प्राध्यापकांच्या सभांना बसलेल्यांना तें पटेल.

इंग्रजी अमदानींत ज्या जमाती कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, त्यांत पारधी होते. १९५२ सालीं तो शिक्का कायद्याच्या पुस्तकांतून पुसला गेला. लोकांच्या मनांतून नव्हे. पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज तित्तिर मारणें, धरणें, पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. तो असावाच, माळ नांगराखालीं जात असतांना पांखरांना तेवढा तरी आधार हवा. पण बापाकडून मिळालेली एकुलती एक विद्या बाबापासून काढून घेतली, तिच्या जागीं त्याच्या हातांत काय ठेवलें, असें कुणी विचारलें तर उत्तर देणाराला खालीं पाहावें लागेल. त्याचा नातू आश्रमशाळेंत शिकतो. त्याला ही विद्या नको आहे, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतें असें मला म्हणवत नाहीं.

आम्ही दोघे एकाच बोरीखालीं बसतों आणि एकच आवाज काढतों. वाटेनें जाणारा शेतकरी मला नमस्कार करून विचारतो, "सर, पक्षी बघायला आलात?" बाबाला विचारतो, "पिशवीत काय हाय रे?" पिशवींत भाकरी असते. ती तो उघडून दाखवितो, पुन्हा बांधतो, आणि पुढची साद घालायला मला खुणावतो. त्याच्या चेहऱ्यावर रागहि नसतो. एकाच आवाजाला माझ्या तोंडीं छंद म्हणतात आणि त्याच्या तोंडीं पुरावा.

पावसाळ्याच्या तोंडाशीं त्यानें शिकवणी थांबविली. जाळीखालीं मादी अंड्यांवर होती. "आता बोलवू नगा. नर भांडाया येईल, मादी बिचकंल, आन् अंडी उघडी पडतील." नुसतें ऐकायला यावें का, असें मीं विचारलें. "त्याला कोन नगं म्हनलं?" असें म्हणून त्यानें तंबाखू मळायला घेतली. तेव्हांपासून रविवारीं आम्ही ऐकायलाच जातों. भाकरी मात्र दोघांचीहि मी माझ्या पिशवींतून नेतों.