आकड्यांचे इमान

लहान कारखानदाराला सॉफ्टवेअर घ्यायचे म्हटले की तो आधी किंमत विचारतो. आम्हीही तेच विचारले. आम्ही तिघे भाऊ भोसरीत अब्बांनी उभा केलेला कारखाना चालवतो. चार सीएनसी लेथ, बारा माणसे आणि मुख्य काम ब्रेक पेडलच्या बुशचे. मग ग्राहकाने प्रत्येक लॉटबरोबर सांख्यिकी अहवाल मागितला. सीपीके १.३३ च्या खाली गेला तर माल परत. प्रश्न बारा घरांच्या चुलींचा होता.

सीपीके म्हणजे काय? ड्रॉइंगवरच्या मर्यादांमध्ये आपले काम किती मोकळेपणाने बसते, त्याचे हे माप. सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याला तीन सिग्माने भागायचे. सिग्मा म्हणजे मापांचा पसारा. पसारा जितका कमी, तितका सीपीके जास्त.

पहिला विक्रेता आला, त्याचे सॉफ्टवेअर स्वस्त होते. त्याने हळूच सांगितले, "हवा तो सीपीके टाका, रीडिंग आपोआप भरली जातील." आम्ही एकमेकांकडे पाहिले. अब्बा कोपऱ्यात बसले होते. ते एवढेच म्हणाले, "कागद पास होईल बेटा, ब्रेक पास होणार नाही." विक्रेत्याला चहा पाजून निरोप दिला.

अब्बा टर्नर होते. नोकरीत असताना ते ग्राफपेपरवर पेन्सिलीने कंट्रोल चार्ट भरत. हा चार्ट अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली मांडला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. संगणकाने फक्त पेन्सिलीची जागा घेतली.

त्यानंतर आम्ही दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. बुशचा बोअर १६ मिलिमीटर, टॉलरन्स अधिक-उणे ०.०२०. पाच-पाच बुशचे २५ गट, एकूण १२५ रीडिंग. दोन्हीकडे तीच रीडिंग भरली. एकाने १.४० सांगितले, दुसऱ्याने १.०९. एका उत्तरात माल पास, दुसऱ्यात परत!

उलगडा आमच्या भाचीने केला. ती संख्याशास्त्र शिकते. "मामू, दोन्ही खरे आहेत," ती म्हणाली. पहिल्याने गटातल्या पाच बुशमधला फरक धरला. त्याची सरासरी ०.०१० होती. पाचच्या गटासाठी ठरलेल्या २.३२६ या अंकाने भागले की सिग्मा ०.००४३ येतो. दुसऱ्याने सर्व १२५ रीडिंगचा पसारा एकत्र मोजला, तो ०.००५५ आला. सरासरी १६.००२ होती, म्हणजे वरच्या मर्यादेपर्यंत ०.०१८ उरतात. करा भागाकार. पहिल्या आकड्याला सीपीके म्हणतात, दुसऱ्याला पीपीके. दुसऱ्या सॉफ्टवेअरने मात्र त्यावर नुसते 'कपॅबिलिटी' असे लिहिले होते.

या दोन आकड्यांमधली दरी काय सांगते, तेच महत्त्वाचे. शेजारी-शेजारी कापलेले बुश एकसारखे होते. पण सकाळचा बुश आणि रात्रीचा बुश सारखा नव्हता. टूल झिजत जाते तसा बोअर लहान होतो, मग ऑपरेटर ऑफसेट देतो, बोअर पुन्हा वाढतो. हिस्टोग्राममध्ये हे दिसत नाही, कारण त्यात वेळ नसते. वेळेच्या क्रमाने काढलेल्या चार्टमध्ये ते डोळ्यांना दिसते.

तेव्हा आमच्या अटी ठरल्या. सॉफ्टवेअरने दोन्ही आकडे त्यांच्या नावासह द्यावेत. चार्ट आधी, आकडा नंतर. मूळ रीडिंग वेळेसह जपावे, आणि कोणी बदलले तर त्याची नोंद राहावी. शिवाय गणित तपासता यावे. एक्सेलच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्यांत मोठ्या आकड्यांमधला बारीक पसारा चुकत असे, हे जाणकारांना ठाऊक आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने अशा तपासणीसाठी उत्तरांसह आकड्यांचे संच सर्वांना खुले ठेवले आहेत.

मिनिटॅब चांगले आहे, १९७२ पासून चालत आले आहे. पण ज्याला आकडेमोडीची दहा साधने लागतात त्याच्यासाठी. आम्हाला दोनच हवी होती. शेवटी आम्ही 'आर' निवडले. ते मोफत आहे, पण त्यात आज्ञा लिहाव्या लागतात; त्या भाचीने लिहून दिल्या. पहिल्या २५ गटांचे गणित आम्ही हाताने करून ताडून पाहिले.

त्याआधी एक काम केले. तीन इन्स्पेक्टर, दहा बुश, प्रत्येकी तीन वेळा, अशी ९० मापे घेऊन बोअर गेजच तपासला. मापनातला फरक टॉलरन्सच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगला, तीसच्या वर असेल तर कामाचा नाही. गेजच खोटा बोलत असेल तर कोणते सॉफ्टवेअर खरे बोलणार?

आज आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलाशी आयटीआय झालेली मुलगी बसते. पडद्याशेजारी मराठीत लिहिलेला कागद चिकटवला आहे : सलग सात बिंदू एका बाजूला गेले तर टूल बघा. ती मशीन थांबवते, कोणाला विचारत नाही. आपली कितीतरी मुले लेथवर, वेल्डिंगवर, फिटिंगवर राबतात. अहवाल मात्र कोणी दुसराच वाचतो. म्हणून कारखान्यासाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, किंमत जरूर विचारा. पण त्यासोबत हेही विचारा, की मशीनवर उभा असलेला माणूस हा अहवाल वाचू शकेल का, आणि वाचून मशीन थांबवू शकेल का?