आर्टेमिसिया कोर्टातून बाहेर कधी पडणार?

गेले दोन वीकेंड मी सतराव्या शतकातल्या इटलीत मुक्कामाला होते. म्हणजे घरीच, गादीवर लोळत, पण हातात आर्टेमिसिया जेंतिलेस्की या चित्रकर्तीवरच्या कादंबऱ्या. एक सुझन व्रीलँडची, २००२ सालची. दुसरी ॲना बांतीची, मूळ इटालियन, १९४७ सालची. मध्ये आन्येस मेर्लेचा १९९७ चा सिनेमाही बघून टाकला. एकाच बाईबद्दल तिघी काय काय सांगतात हे सलग वाचलं-पाहिलं की डोक्यात भुंगा शिरतो. तो आज इथे बाहेर काढतेय.

आधी थोडी ओळख. आर्टेमिसियाचा जन्म १५९३ चा, रोममधला. वडील ओराझिओ नावाजलेले चित्रकार, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. १६११ मध्ये वडिलांबरोबर काम करणाऱ्या आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. १६१२ मध्ये खटला उभा राहिला, तो कित्येक महिने चालला. ती खरं बोलतेय का हे तपासायला तिच्याच बोटांभोवती दोऱ्या गुंडाळून आवळल्या गेल्या. चित्रकाराची बोटं! तिने जबाब बदलला नाही. तास्सी दोषी ठरला, पण शिक्षा जवळपास कागदावरच राहिली.

या खटल्यातले जबाब आजही उपलब्ध आहेत. कोणी काय विचारलं, कोणी काय सांगितलं, सगळं लिहून ठेवलेलं. कादंबरीकाराला आणखी काय हवं? संवाद तयार, खलनायक तयार, क्लायमॅक्सही तयार. व्रीलँडची कादंबरी तर उघडतेच कोर्टात. मेर्लेने त्याहून मोठी उडी मारली. तिच्या सिनेमात ही चक्क प्रेमकहाणी होते, आणि बोटं आवळली जात असतानाही आर्टेमिसिया तास्सीवर आरोप करत नाही. १९९८ मध्ये सिनेमा अमेरिकेत लागला तेव्हा कला-इतिहासकार मेरी गॅरर्ड आणि ग्लोरिया स्टायनेम यांनी याला जाहीर हरकत घेतली होती.

आता लेखकाला सूट असते हे 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' वाचून मोठे झालेल्या आपल्याला कोणी सांगायला नको. इतिहास जिथे गप्प आहे तिथे कादंबरीने बोलावं. पण इथे इतिहास गप्प कुठे होता? जो जबाब बोटं आवळूनही बदलला नाही, तो ३८५ वर्षांनी एका पटकथेने आरामात बदलून टाकला.

पण माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. हेतू चांगला असला तरी आपण सगळेच आर्टेमिसियाला पुन्हा पुन्हा त्या कोर्टातच नेऊन उभं करतो. तिचं 'ज्युडिथ होलोफर्नेसचा शिरच्छेद करते' हे चित्र पाहिलं की लगेच निष्कर्ष : सूड! असेलही थोडा. पण बलात्काराच्या आधी, १६१० मध्ये, तिने 'सुझॅना आणि दोन म्हातारे' हे चित्र काढलं होतं. दगडी कठड्यावरून दोन पुरुष वाकलेत आणि सुझॅना अंग चोरून दोन्ही हातांनी त्यांना झिडकारतेय. चित्रावर सही आहे, साल आहे. तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची. म्हणजे नजर होती, हात तयार होता. तास्सीने तिला चित्रकार बनवलं नाही.

आणि कोर्टानंतर? खटला संपताच तिचं लग्न झालं आणि ती फ्लॉरेन्सला गेली. १६१६ मध्ये तिथल्या चित्रकारांच्या अकादमीत प्रवेश मिळवणारी ती पहिली बाई. मुलं झाली, त्यातली बहुतेक लहानपणीच गेली. कर्ज झालं. खटल्यात 'मला लिहिता येत नाही' असं सांगणारी ही मुलगी पुढे पत्रं लिहायला लागली. फ्रान्चेस्को मारिंगी या प्रियकराला लिहिलेली तिची पत्रं २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. व्रीलँडला ती मिळणं शक्यच नव्हतं.

मला सगळ्यात आवडली ती मात्र १६४९ ची पत्रं, डॉन अंतोनिओ रुफ्फो या गिऱ्हाइकाला लिहिलेली. विषय काय, तर पैसे! भाव पाडून मागू नका, असं ती ठणकावून सांगते. आधी कच्चं रेखाटन पाठवायलाही ती साफ नकार देते, कारण एका बिशपने तिचं रेखाटन घेतलं आणि पैसे वाचवायला चित्र दुसऱ्याच चित्रकाराकडून करून घेतलं. डिझाइन आमचं, काम स्वस्तातल्या व्हेंडरला! आयटीतल्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागत नाही :) पन्नाशी उलटलेली, नेपल्समध्ये बसून रेटवरून भांडणारी ही बाई मला कुठल्याच पडद्यावर दिसली नाही.

बांतीची कादंबरी म्हणूनच वेगळी वाटते. तिचं पहिलं हस्तलिखित १९४४ मध्ये नष्ट झालं, जर्मनांनी फ्लॉरेन्समधल्या पोन्ते वेक्यो पुलाजवळची घरं सुरुंग लावून उडवली तेव्हा. बांतीने पुन्हा लिहायला घेतलं, पण आता ती स्वतःच कादंबरीत आली. ती आर्टेमिसियाशी बोलते, वाद घालते, आपल्याला तिचं सगळं कळलंय असा आव आणत नाही. वाचायला जड आहे, मला दोनदा झोप लागली, खोटं कशाला बोलू. पण इथे आर्टेमिसियाला उलट बोलायची मुभा आहे. मेर्लेच्या सिनेमात मला नेमकी तीच सापडली नाही.

तेव्हा एखाद्या कलावंत बाईवरची कादंबरी हातात आली की मी आता एक साधी टेस्ट लावणार आहे. तिच्यावर काय गुदरलं याला किती पानं, आणि तिने काय केलं याला किती? रंग खलणं, मॉडेलचे पैसे, बिघडलेला हात पुन्हा काढणं, याला किती?

ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आर्टेमिसियाचं एक चित्र आहे, साधारण १६३८-३९ चं. स्वतःलाच 'चित्रकला' म्हणून रंगवलंय तिने. केस विस्कटलेले, बाही मागे सारलेली, एका हातात पॅलेट, दुसरा ब्रश धरून वर उचललेला. ती आपल्याकडे बघतसुद्धा नाही. कामात आहे.