सोन्याचे घड्याळ आणि सराफाची मूस

१/ ताम्रपट, नाणी, मोडी कागद यांच्याविषयी आपण नेहमी बोलतो. आज अशा एका साधनाविषयी लिहितो, ज्याला आपण साधन मानतच नाही : जुने सोन्याचे मनगटी घड्याळ. मी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावचा. आमच्याकडे सोने गळ्यात असते, कानात असते, आणि अडचणीच्या वर्षी ते मोडले जाते. त्या सोन्यात वेळ पाहण्याची कल्पना गावाला परकीच. म्हणूनच हे घड्याळ का घेतले, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

२/ पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात पुरुषाचे घड्याळ म्हणजे खिशातले घड्याळ. खंदकात लढणाऱ्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून ते मनगटावर आले आणि युद्ध संपल्यावर तिथेच राहिले. पुढे त्याचे एक समारंभी रूप घडले : पातळ केस, साधी तबकडी, दोन-तीन काटे, चामडी पट्टा. यालाच ड्रेस वॉच म्हणतात. पाटेक फिलिपने १९३२ साली आणलेले ‘कॅलट्राव्हा’ हा त्याचा आदर्श नमुना मानला जातो.

३/ माझे घड्याळ तितके उंची नाही. ते ओमेगाचे आहे, चावीचे, सुमारे ३४ मिलिमीटर व्यासाचे. सहाच्या जागी सेकंदाची लहान तबकडी. आतील मशीन ओमेगाच्या १९३९ पासूनच्या प्रसिद्ध ३० मिलिमीटर मालिकेतले. हैदराबादेतील एका जुन्या घड्याळजीच्या दुकानात ते मला दिसले, तेव्हा केस आणि मशीन वेगवेगळे झालेले होते. मशीन एका डबीत होते आणि केस तराजूत.

४/ तराजू बाजूला ठेवून आधी केस वाचू या. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एका स्त्रीमुखाचा बारीक ठसा आहे. ही हेल्वेशिया, स्वित्झर्लंडची प्रतीकदेवता. स्विस कायद्याने १८८० पासून १८ कॅरेटच्या सोन्याला हेल्वेशियाचा ठसा आणि १४ कॅरेटला खारीचा ठसा ठरवून दिला. १९९५ पासून या सर्वांऐवजी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मुख आले. ‘२० मायक्रॉन’ असे काही लिहिलेले आढळले, तर तो केवळ सोन्याचा मुलामा समजावा. नखाएवढ्या जागेत धातू, देश आणि कालखंड यांची नोंद असते.

५/ मशीनवर क्रमांक कोरलेला आहे : एक कोटी दहा लाखांच्या पुढचा. ओमेगाच्या क्रमांकांवरून असे मशीन साधारण १९४७ ते १९५० या काळातले ठरते. हीच ती वर्षे, ज्यांत आमचा प्रदेश हैदराबाद संस्थानातून भारतात आला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार, १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाईचा आरंभ, १७ सप्टेंबरला मुक्ती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

६/ त्या काळी संस्थानात विलायती वस्तू घेणे म्हणजे दोन हिशेब मांडणे. निजामाचे स्वतःचे चलन होते, हाली सिक्का. ब्रिटिश रुपयाला आपली जुनी माणसे कलदार म्हणत. १०० कलदारांना सुमारे ११६ रुपये १० आणे हाली, असा विनिमय असे. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात हे शब्द आले, तर ते उतरवून घ्या; ते अर्थशास्त्राचे अवशेष आहेत.

७/ झाकणाच्या आत आणखी एक मजकूर आहे. घड्याळजी दुरुस्तीनंतर तिथे सुईने बारीक खूण करून ठेवतात. माझ्या घड्याळात अशा पाच खुणा आहेत. त्यांतल्या एका खुणेत उर्दू आकड्यांत ‘५७’ लिहिले आहे. हे १९५७ की फसली १३५७? संस्थानी कारभार फसली सनावर चाले. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे फसली १३५७ हे १९४७–४८. परंतु त्या सुमारास हे घड्याळ जेमतेम तयार होत होते. इतक्या लवकर दुरुस्ती संभवत नाही. म्हणून १९५७ हाच अर्थ सयुक्तिक ठरतो. दोन पुरावे एकमेकांसमोर ठेवून निष्कर्ष काढण्याचा हा लहानसा धडा मला एका झाकणाने दिला.

८/ विक्रेत्याने अर्थातच एक कथा जोडली : घड्याळ एका जहागीरदाराचे होते म्हणे. कथा अशक्य नाही. १९४९ साली हैदराबादेतील जहागिरी रद्द झाल्या आणि अनेक घराण्यांतून मौल्यवान वस्तू बाजारात आल्या. परंतु शक्य असणे म्हणजे सिद्ध असणे नव्हे. मी त्या कथेचे पैसे दिले नाहीत आणि ती कुणाला सांगतही नाही. ठसा, क्रमांक आणि पाच खुणा, एवढीच या घड्याळाची वंशावळ.

९/ आता तराजू. केसचे वजन ९ ग्रॅम भरले. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के. तेव्हा शुद्ध सोने पावणेसात ग्रॅम. १० ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेलेला असताना हा आकडा सत्तर हजारांच्या घरात पोहोचत होता. अशा केस आटणीसाठी घेणारे गिऱ्हाईक विक्रेत्याकडे नेहमीचे होते. मशीनला त्याच्या लेखी किंमत शून्य. मी त्या मोडीच्या भावावर काही हजार अधिक दिले. ते अधिकचे पैसे सोन्याचे नव्हते, मजकुराचे होते.

१०/ आटलेल्या घड्याळाची जागा दुसरे घड्याळ घेत नाही, हेही ध्यानात घ्यावे. चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली आणि असंख्य सोनारांचा रोजगार गेला. १९६८ च्या कायद्याने हे नियंत्रण पुढे चालू ठेवले. तो १९९० साली मधू दंडवते अर्थमंत्री असताना रद्द झाला. मधल्या काळात सामान्यांच्या मनगटावर एचएमटी आले. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळुरूत बनणारे ते घड्याळ लग्नात नवरदेवाला देण्याची वस्तू झाले. चाळिशीच्या दशकातली विलायती सोन्याची घड्याळे मात्र जितकी आली होती तितकीच राहिली, आणि भाव चढेल तशी घटत गेली.

११/ वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून कागद गोळा करीत हिंडले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. ते कागद नष्ट होत होते, कारण ते कवडीमोल समजले जात. रद्दीत जात, वाळवी खाई. सोन्याच्या साधनाचे दुर्दैव नेमके उलटे : ते मोलवान असल्यामुळे नष्ट होते. ताम्रपट आटवून भांडी झाली, सोन्याची नाणी आटवून पुतळ्या झाल्या. ज्या दस्तऐवजाचा कागद मजकुराहून महाग असतो, त्याला वाळवीपेक्षा मुशीचे भय अधिक.

१२/ तबकडीवर काळसर डाग आहेत. ती रंगवून नवी करून देण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली. मी नको म्हटले. जुन्या फर्मानावरची पुसट अक्षरे कुणी नव्या शाईने गिरवली तर आपण त्याला जीर्णोद्धार म्हणत नाही. मशीन मात्र उघडून, स्वच्छ करून, तेल देऊन घेतले. कारण घड्याळाचे चालणे हाही त्याच्या मजकुराचाच भाग आहे.

१३/ आणि आनंद? तो आहेच, आणि तो लपवण्याचे कारण नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायची; बोटांना स्प्रिंगचा ताण हळूहळू जाणवतो आणि ती भरली की थांबायचे. कानाशी धरले तर सेकंदाला पाच ठोके. सदऱ्याच्या बाहीखाली ते सहज सरकते, ओझे वाटत नाही. पावसात आणि शेतात ते नेत नाही. ते पाण्याचे आणि धुळीचे नव्हे. लग्नकार्याला आणि १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मात्र आवर्जून बांधतो. दिवसाकाठी मिनिटभर मागे पडते; ते पुढे करताना सत्तरहून अधिक वर्षांची एक यंत्रणा आपल्या हातून आणखी एक दिवस पुढे गेली, असे वाटते.

१४/ तुमच्या घरी असे घड्याळ असेल, तर मोडायला नेण्यापूर्वी एवढे करा. जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून घ्या. ठसे, क्रमांक, खुणा यांची स्वच्छ छायाचित्रे काढा. कुणी, कधी, कुठून घेतले, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहा. ऐकीव ते ऐकीव म्हणूनच नोंदवा. गरज असेल तर सोने जरूर मोडा. शेती, शिक्षण, आजारपण यांपुढे घड्याळ मोठे नाही. फक्त मजकूर आधी उतरवून घ्या. माझ्या घड्याळाच्या डबीत मी असा एक कागद ठेवला आहे. त्यावर सिद्ध काय आणि असिद्ध काय, हे दोन रकान्यांत लिहिले आहे. दुसरा रकाना लांब आहे. तो कमी करण्याचे काम पुढच्या वाचकाचे.