गायरानावरचं पाखरू

शिर्डीला चालत येणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मुंबईहून, नाशिकहून पालख्या येतात. पाय सुजलेले, खांद्यावर निशाण. मी ऑक्टोबरात उलटा निघालो. शिर्डीतून बाहेर. देवाच्या मागं नाही, पाखराच्या मागं.

पाखरू पहिल्यांदा दिसलं ते काकडीच्या माळावर. २०१७ साली तिथं विमानतळ झाला. कुंपणापलीकडं थोडा माळ उरलाय. त्या गवतावरून ते चाललं होतं, पुरुषभर उंचीवरून. पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरलेले. अंग राखाडी, पंखांची टोकं काळी, जणू शाईत बुडवलेली. एकदम वळलं, गवतात पडलं, नाकतोडा घेऊन उठलं. वरून विमान भक्त घेऊन उतरत होतं. त्यानं मान वर केली नाही.

आमच्या घरात अशा सगळ्यांना ससाणाच म्हणतात. पुस्तकात नाव सापडलं, भोवत्या. उन्हाळ्यात तो कझाकस्तानच्या, रशियाच्या गवताळ रानात पिलं वाढवतो. तिकडं थंडी पडली की अफगाणिस्तान, पाकिस्तान, राजस्थान, गुजरात ओलांडून दख्खनच्या माळावर येतो. मार्च-एप्रिलात परत. शास्त्रज्ञांनी पाखरांच्या पाठीवर यंत्र बांधून हा रस्ता काढलाय. हजारो किलोमीटर. ना पासपोर्ट, ना दाखला.

सूतगिरणीत रिंगफ्रेमवर हे सांगितलं तर पोरं हसली. म्हणाली, जयभीमवाल्यानं मोर्चात जावं, पाखरं बघणं हा पोट भरलेल्यांचा धंदा.

खरं आहे. आमच्या घरात शिकारी पाखरू म्हटलं की गिधाडच आठवतं. पणजा मेलेली ढोरं ओढायचा. वेशीबाहेर ढोर पडलं की गिधाडं आणि आमची माणसं एकदमच पोचायची. गाव दोघांकडं एकाच नजरेनं बघायचं. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं खाणं सोडा. आमच्या माणसांनी सोडलं. पुढं गिधाडंही गेली. ढोराला टोचलेल्या डायक्लोफेनॅकनं त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ ला जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. त्यांच्यासाठी आमच्यातला कुणी रडला नाही. मीही नाही. पण आता एखादं पाखरू मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, गावाच्या डोळ्यांनी नाही.

तीन खाडे टाकले आणि निघालो. एकच पाखरू धरून चालता येत नाही. ते तासात जातं तिथं मला दिवस लागतो. मी गवत धरून चाललो. शिर्डीपासून कोपरगावपर्यंत गवत नाहीच. कालव्याचं पाणी, ऊस, लॉज, प्लॉटिंगचे दगड. भोवत्या उसात झोपत नाही. त्याला उघडं, कंबरेएवढं गवत लागतं. रात्री तो झाडावर बसत नाही, जमिनीवर निजतो. हे वाचलं तेव्हा पोटात हललं. आभाळातलं एवढं पाखरू, आणि निजायला भुई.

कोपरगावला गोदावरी ओलांडली. शिर्डीपासून येवला साधारण ३०-३५ किलोमीटर. १३ ऑक्टोबरला पोचलो. १९३५ ला याच तारखेला बाबासाहेबांनी इथं धर्मांतराची घोषणा केली. मुक्तिभूमीवर निळे झेंडे, पुस्तकांचे गाळे, लेकरं. वंदना घेतली. पाणी प्यालो. संध्याकाळी एका मोटारसायकलवाल्यानं आत्याच्या गावाजवळ सोडलं.

आत्याचं गाव येवला तालुक्यातच, ममदापूरच्या अंगाला. त्या बाजूला काळवीट आहेत, माळ आहे. आणि गायरान. गायरानात आत्याची दोन एकर बाजरी. मामांनी १९८५ ला दगड वेचून ती जमीन फोडली. बाजरीच्या बांधाला लागून पवन्याचं गवत.

दिवस मावळताना ते आले. आधी एक. मग दोन. गवतावर खालून घिरट्या घालत, एकेक करून आत उतरले. मी अकरा मोजले. आत्या कणसं खुडत होती. म्हणाली, "ह्ये दरसाली येत्यात. बाजरीतले नाकतोडे खात्यात. म्या त्यान्ला हुसकीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. मोठा कॅमेरा. माणूस वाईट नव्हता, पाखरांवर त्याचा जीव होता. पण आत्याला म्हणाला, "तुम्ही लोकांनी गायरान नांगरलं, म्हणून हे पक्षी संपायला लागलेत."

आत्यानं विळा खाली ठेवला. "साहेब, दोन एकर माझं. बाकीचं कुटं ग्येलं ते इचारा की."

मित्रांनो, त्या माणसाचं निम्मं खरं आहे. गवत गेलं की भोवत्या जाईल. ही गोष्ट आपण नाकारायची नाही. पण गवत कुणी खाल्लं? काकडीपासून येवल्यापर्यंत मी पायानं मोजलंय. ऊस, विमानतळ, प्लॉट, खाण. त्यांना कुणी जीप थांबवून विचारत नाही. भूमिहीनाचं दोन एकर तेवढं डोळ्यात खुपतं.

दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातले. १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांच्या सत्याग्रहात आपल्या माणसांनी तुरुंग भरले. मागणी साधी होती, पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय त्या वाटेनंच आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानातली शेती नियमित करायचं त्यात ठरलं. २०११ ला सुप्रीम कोर्टानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हटलं. पण सरकारी आदेशानं भूमिहीनांना, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद त्याच निकालात आहे. नोटीस देणारा तो अपवाद वाचून दाखवत नाही.

आत्यालाही नोटीस आली होती. तिनं पत्र्याची पेटी उघडली. बाबासाहेबांच्या फोटोमागं एक पिवळी पावती. १९८७ ची, अतिक्रमणाच्या दंडाची. मामांनी तेव्हा शिव्या देत दंड भरला होता. आज तोच कागद सांगतो की आम्ही १९९० च्या आधीपासून इथं आहोत. गाव नमुना एक-ई मध्ये नोंद असेल, तिची नक्कल काढायला आत्याला तलाठ्याकडं घेऊन गेलो. या म्हणाले पुढच्या सोमवारी. म्हणजे आणखी एक खाडा.

निघताना आत्याला विचारलं, जमीन नावावर झाली तर ते गवत नांगरशील का? कारण तो तिचा हक्क आहे, आणि मला भीती वाटत होती.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्येंची पावती कुटं हाय रं? आदी माजं हुंदे. मग त्येंच्या गवताचं मीच बगंन."

तुमच्या गावात गायरान कसणारी माणसं असतील. त्यांच्या पेट्या उघडा. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू देऊ नका. आणि जाल तेव्हा संध्याकाळपर्यंत थांबा. गवताकडं बघा.

जयभीम.