तीन लँडिंग

कॅन्ससमध्ये रस्ता चुकणं अवघड आहे. इथल्या जमिनीची सरकारी मोजणी झाली ती एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत, आणि शेतांमधले रस्ते आजही बहुतेक त्याच रेषांवरून जातात. सरळ उत्तर-दक्षिण, नाहीतर पूर्व-पश्चिम. हजार फुटांवरून पाहिलं की गणिताच्या वहीचं पान उघडून ठेवल्यासारखं दिसतं. पायलटला याचा मोठा फायदा. वारा विमानाला कुठे ढकलतोय हे कळायला उपकरणाकडे बघावं लागत नाही. खालचा रस्ता पंखाखालून सरकायला लागला की समजायचं. आणि वारा इथे असतोच.

फोर्ट लेव्हनवर्थला अमेरिकी लष्कराच्या कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेजमध्ये दहा महिन्यांच्या कोर्सवर आलो आहे. वाचन, नकाशे, निबंध, पुन्हा वाचन. खासगी वैमानिकाचं लायसन्स भारतात आधीच काढलेलं होतं. ते खरं असल्याची खात्री इथल्या एफएएनं आपल्या डीजीसीएकडून करून घेतली आणि त्याच्या आधारावर मला त्यांचं प्रमाणपत्र दिलं. कागदांची ती मोहीम एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. मग सत्तरीतल्या एका इन्स्ट्रक्टरनं मला दोनदा शेजारी बसून तपासलं आणि एका छोट्या विमानतळावरची सेसना १७२ भाड्यानं मिळायला लागली. हे विमानही कॅन्ससचंच. चार जणांचं, डोक्यावर पंख असलेलं, १९५६ पासून विकलं जाणारं. चाळीस हजारांहून जास्त बनली. जगातल्या कितीतरी पायलटांनी पहिलं लँडिंग याच्यावरच केलेलं असेल.

या विमानतळावर टॉवर नाही. हे पचायला मला वेळ लागला. आपल्याकडे विमानतळाच्या परिसराबाहेर जायचं तर फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर, एफआयसी नंबर, सगळं हातात असल्याशिवाय चाक हलत नाही. त्यामागचं कारण फौजी म्हणून मला पूर्ण पटतं. एडीसी म्हणजे शेवटी हवाई संरक्षणाची परवानगीच. इथे मात्र परवानगी मागायला पलीकडे कोणीच नसतं. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपणच सांगायचं, मी अमुक विमान, डाउनविंडला आहे, धावपट्टी १७ वर उतरतोय. ऐकणारे ऐकतात, आपापलं बघून घेतात. तुम्ही उतरा असं कोणी म्हणत नाही, उतरू नका असंही म्हणत नाही. पंधरा वर्षं 'येस सर' म्हणण्यात आणि ऐकण्यात गेलेल्या माणसाला ही शांतता जरा जड जाते.

आता लँडिंगकडे येतो. अमेरिकेचा नियम असा, की प्रवासी घेऊन उडायचं तर आधीच्या ९० दिवसांत निदान तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग स्वतः केलेली हवीत. बर्फ आणि परीक्षा यांच्यात माझे ९० दिवस उलटून गेले होते. आणि प्रवासी ठरलेला होता. मुलगी दहा वर्षांची, तिला वरून आपलं घर बघायचं होतं. मार्चमधला एक रविवार ठरला. आधी मी एकटा तीन लँडिंग करणार, मग तिला घेणार. ती आणि तिची आई कुंपणाशी उभ्या.

वारा होता २२० अंशांवरून १४ नॉट, झोत २० पर्यंत. धावपट्टीची दिशा १७०. म्हणजे वारा उजवीकडून ५० अंशांनी तिरका. हिशेब केला तर आडवा वारा ११ नॉट, झोतात १५. सेसना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा जो आकडा चाचणीत दाखवून दिलेला म्हणून छापलाय, तो नेमका १५.

जायचं का? एकटा असल्यानं गेलो. पण इंजिन सुरू करण्याआधी दोन गोष्टी स्वतःला मोठ्यानं बजावल्या. ३०० फुटांवर वेग, उंची आणि रेषा जागेवर नसेल तर परत वर. धावपट्टीच्या पहिल्या तिसऱ्या भागात चाकं टेकली नाहीत तर परत वर. गस्तीवर निघताना आपण हेच करतो. किती वाजता माघारी वळायचं ते तळावर ठरवायचं, डोंगरावर नाही. डोंगरावर प्रत्येकाला वाटतं, अजून पाचशे मीटर जाऊ. फ्लेअर करताना प्रत्येक पायलटला वाटतं, आत्ता टेकेल. त्या क्षणी विचार करायचा नसतो, आधी दिलेला हुकूम पाळायचा असतो. फरक इतकाच, की इथे हुकूम देणाराही आपणच.

पहिलं लँडिंग चांगलं झालं. फ्लॅप २० अंशच, झोतासाठी वेग ६५ ऐवजी ६८. शेवटच्या टप्प्यात उजवा पंख वाऱ्याकडे झुकवला, डाव्या रडरनं नाक सरळ धरलं. आधी उजवं चाक, मग डावं, मग पुढचं. विमान एका चाकावर टेकतं तेव्हा बघणाऱ्याला काहीतरी बिघडलंय असं वाटतं, पण आडव्या वाऱ्यात बरोबर लँडिंग तेच.

दुसऱ्या वेळी दहाएक फुटांवर झोतानं विमान उचललं. ते तरंगत राहिलं. डावीकडे हँगर मागे गेला, मग इंधनाचा पंप मागे गेला, म्हणजे पहिला तिसरा भाग संपला. पुढे धावपट्टी भरपूर शिल्लक होती. पूर्ण थ्रॉटल दिला, नाक सावरलं, वेग आणि उंची मिळत गेली तसे टप्प्याटप्प्यानं फ्लॅप आत घेतले आणि रेडिओवर सांगितलं, 'गोइंग अराउंड'. उत्तर कोणी दिलं नाही. द्यायचंही नसतं.

पुढच्या दोन फेऱ्यांत दोन लँडिंग झाली. लॉगबुकात तीन. उतरलो तर मुलगी कुंपणाच्या आत यायला निघालेली.

"तीन झाली ना, बाबा?"

"झाली."

"मग?"

तिला विंडसॉक दाखवला. तो नारिंगी कपडा १५ नॉट वाऱ्याला पूर्ण ताठ होतो. आत्ता तो फळीसारखा आडवा होता. नियमाप्रमाणे मी तिला नेऊ शकत होतो. पण एकट्याला परवडणारा वारा दहा वर्षांच्या मुलीसकट परवडतो असं नाही, आणि तिच्या पहिल्या फेरीत पोटात गोळा यावा असं मला वाटत नव्हतं. ती रुसली. परतीच्या वाटेवर आईस्क्रीमनंही काम झालं नाही. बायको मात्र काही बोलली नाही. तिनं ती तरंगणारी फेरी कुंपणाशी उभं राहून पाहिली होती.

पुढच्या रविवारी सकाळी सातला गेलो. वारा चार नॉट, विंडसॉक लटकलेला. वरून मिसुरी नदी दिसली, रस्त्यांचे चौकोन दिसले, घर काही ओळखू आलं नाही कारण सगळी छपरं सारखीच. लँडिंग गुळगुळीत झालं. इंजिन बंद केलं, तिनं हेडसेट काढला आणि थोड्या नाराजीनंच विचारलं, "त्या दिवशीसारखं परत वर नाही गेलो आपण?"