फायबरला छिद्र पाडताना

होडीच्या नाळेवर दोर बांधण्याचा खुंट बसवायचा म्हणून आज फायबरला छिद्रे पाडली. आणि लाकडाला गिरमिटाने सहज वाट पाडणाऱ्या हाताला या पदार्थापुढे किती निराळा संयम अंगीकारावा लागतो, हा विचार दिवसभर मनात घोळत राहिला. बाहेरचा जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, तकतकीत पण ठिसूळ. त्याखाली राळेत गोठलेले काचतंतू. बिटाची धार त्या कवचात एकदम रुतली की कडेचे टवके उडतात, म्हणून खुणेवर कागदी चिकटपट्टी लावून ड्रिल प्रथम उलट्या दिशेने फिरवावे, म्हणजे धार न चावता कवच घासून झिजवते, आणि ते पार होताच सुलट फिरवून, फारसा जोर न देता खाली उतरावे, हीच मला सर्वांत विवेकी रीत वाटते. छिद्राच्या तोंडाला किंचित उतार देण्यात मात्र कोणीही हयगय करू नये; कारण बोल्ट आवळताना येणारा ताण तीक्ष्ण कडेवर एकवटला की ताऱ्यासारख्या चिरा पसरू लागतात. आणि दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असेल, तर छिद्र मोठे पाडून, एपॉक्सीने भरून, ते कठीण झाल्यावर पुन्हा त्यातूनच भोक पाडण्याची तजवीज केलीच पाहिजे, नाहीतर पाणी झिरपून गाभा आतल्या आत कुजतो. काचेची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी हवी. हाताखालच्या पोरांना हे मी रागावूनही सांगतो. उद्या सीलंट भरून, खालून रुंद पट्टी देऊन खुंट आवळायचा.