मागच्या चाकाच्या तारा

गेल्या नोव्हेंबरात सातारा-पुणे रस्त्यावर, खंबाटकीच्या बोगद्याच्या थोडं अलीकडे, माझ्या सायकलच्या मागच्या चाकाची एक तार तुटली. आवाज अगदी बारीक झाला. पण लगेच चाक डुलायला लागलं, टायर फ्रेमला घासू लागला. ब्रेक पूर्ण सैल करून पाहिला, तरी चाक फिरेना. त्या चाकात एकूण 24 तारा. त्यातली एक गेली की बाकीच्या 23 तिची जागा भरून काढू शकत नाहीत.

300 किलोमीटरची बीआरएम होती. ही शर्यत नसते, पण 20 तासांत अंतर पुरं करावं लागतं, आणि वाटेत काही झालं तर आपलं आपण निस्तरायचं असतं. पहाटे पुण्याहून निघून उंब्रजच्या पुढे जाऊन परत निघालो होतो. साधारण 80 किलोमीटर उरले होते आणि अंधार पडला होता. चहाच्या टपरीवर बसून बायकोला फोन केला. तिनं तोवर कधी रात्री हायवेवर गाडी चालवली नव्हती. दोन तासांनी ती पोचली. सायकल मागे टाकली, निघालो. शिरवळपर्यंत ती काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, “बोगद्याच्या पलीकडच्या उतारावर तुटली असती तर?”

तो उतार आणि ते वळण या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही माहीत आहे. मागून ट्रक येत असतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती चाकं मी हौसेनं घेतली होती. सायकलसोबत आलेली जोडी 1900 ग्रॅमची, ही 1450 ग्रॅमची. पुढे 20 तारा, मागे 24. व्यावसायिक रेसर अशीच चाकं वापरतात, हे मला पुरेसं वाटलं. ते रेसर साठ-सत्तर किलोचे असतात, त्यांच्या मागे सुटी चाकं घेतलेली गाडी असते, हे कळत होतं, पण मोजलं नव्हतं. माझं वजन 92 किलो. सायकल, पाण्याच्या बाटल्या, बॅग धरून 106. वाचलेले 450 ग्रॅम म्हणजे अर्धा टक्काही नाही. सिंहगड चढायला मला 70 मिनिटं लागतात. त्यातले फार तर 18 सेकंद वाचले असतील. अठरा सेकंदांसाठी मी बायकोला रात्री हायवेवर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा गॅलरीत सायकलपाशी बसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी हातानंच तारा मोजल्या. “चोवीसच? अरे, माझ्या सायकलला पुढे बत्तीस आणि मागे चाळीस होत्या.”

बाबा तीस वर्षं सायकलनं खडकीला फॅक्टरीत जात होते. काळी उंच सायकल, 28 बाय दीडचे टायर. सायंकाळी त्याच सायकलच्या दांडीवर मी, कॅरियरवर आई आणि हँडलला रॉकेलचा डबा. एवढं ओझं बहुतेक मागच्याच चाकावर येतं, म्हणून तिथं आठ तारा जास्त. हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. त्या सायकलला आम्ही मुलं धूड म्हणायचो.

चाक म्हणजे हबपासून रिमपर्यंत ताणून बसवलेल्या तारा. 1981 साली जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्यानं ‘द बायसिकल व्हील’ नावाच्या पुस्तकात दाखवलं, की वजन पडतं तेव्हा मुख्यतः खालच्या तारांचा ताण कमी होतो. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैलावते, पुन्हा ताणली जाते. माझ्या चाकाचा घेर 2.1 मीटर. म्हणजे 300 किलोमीटरमध्ये एक तार 1 लाख 40 हजारांहून जास्त वेळा सैल-घट्ट होते. तार एका झटक्यात क्वचित तुटते. बहुतेकदा ती हबपाशी, जिथं वाकवलेली असते तिथं, थकून तुटते. तारा कमी असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला हे हेलकावे जास्त येतात.

मी पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मामांनी चाक हातात घेऊन विचारलं, “वजन किती तुमचं?” मी सांगितलं. ते हसले नाहीत. “बत्तीस तारा घ्या. तीन क्रॉस बांधू. एखादी तुटली तरी घरी याल.”

मग मी 32 भोकांचे हब आणले, साध्या अॅल्युमिनियमच्या रिम आणल्या, आणि दोन्ही टोकांना 2 मिलिमीटर व मधे 1.8 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारा आणल्या. मधे बारीक असलेली तार किंचित जास्त ताणली जाते, त्यामुळे वाकलेल्या टोकावरचा मार कमी होतो. मामांनी अडीच तासांत दोन्ही चाकं बांधली. निपलच्या चावीनं आउट काढताना ते मधूनमधून तारा छेडून आवाज ऐकत. एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर एक झाला की ताण सारखा. शेवटी त्यांनी समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात आवळल्या. ब्रँटच्या पुस्तकात हेच सांगितलंय. मामांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. न आवळता दिलेलं चाक आठवड्यात परत येतं, एवढं त्यांना ठाऊक.

टायरचा प्रश्न फ्रेमनंच सोडवला. मागच्या दोन दांड्यांमधलं अंतर 34 मिलिमीटर. जुना 25चा टायर प्रत्यक्षात 26 भरत होता. 28चा बसवला तर दोन्ही बाजूंना 3 मिलिमीटर उरत होते. त्याहून रुंद टायर या सायकलला बसणार नव्हता. पूर्वी मी 25च्या टायरमध्ये 110 पीएसआय हवा भरायचो. टायर दगडासारखा लागला की सायकल वेगात जातेय असं वाटायचं. ‘बायसिकल क्वार्टर्ली’चे संपादक यान हाइन यांनी वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन दाखवलंय, की खडबडीत डांबरावर टणक टायर अंगाला हादरे देतो आणि त्या हादऱ्यांत आपलीच ताकद वाया जाते. आता पुढे 75, मागे 85 भरतो. हात बधिर होणं थांबलं.

टायर कुठला, हेही रस्त्यानं ठरवलं. आमच्या हायवेच्या कडेला फाटलेल्या ट्रक टायरांतल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. रेसचा टायर 230 ग्रॅमचा, पंक्चररोधी पट्टा असलेला 340चा. मी जड घेतला. ट्यूबलेसचा मोह टाळला, कारण ट्यूबला ठिगळ कुठल्याही गावात लागतं. फक्त फ्रेंच व्हॉल्व्हला गावातला पंप लागत नाही, म्हणून पितळेचा छोटा अॅडॉप्टर बॅगेत असतो.

राहिली कॅसेट. माझ्याकडे मोठ्यात मोठं चक्र 28 दातांचं होतं. मला 32 हवं होतं. पुढच्या 34च्या चक्रासोबत पेडलच्या एका फेऱ्यात सायकल 2.6 मीटर जायची, ती आता सव्वादोन मीटर जाते. दोनशे किलोमीटरनंतरच्या चढावर गुडघ्यांना हा फरक कळतो. त्यासाठी मागचा डिरेलरही लांब पिंजऱ्याचा घ्यावा लागला. ग्रुपमधला एक जण म्हणाला, “बत्तीस म्हणजे रिटायरमेंट गिअर.” पूर्वी असल्या बोलण्यावरून मी सामान निवडलं असतं.

जुनी चाकं विकली. घेणाऱ्या मुलाचं वजन 58 किलो. तार बदलून, कुठं आणि कशी तुटली ते सांगून मगच दिली.

फेब्रुवारीत पुन्हा तीच 300 केली. बोगद्याआधी त्याच टपरीवर थांबलो. चहा घेतला आणि सायकल उचलून मागचं चाक फिरवलं. सरळ होतं. तरी पलीकडच्या उतारावर माझे हात ब्रेकवरून निघाले नाहीत. ती भीती नव्या चाकांनी गेलेली नाही, आणि आता ती जावी असंही मला वाटत नाही. 18 तास 40 मिनिटांत राइड पुरी झाली.

घरी पोचलो तेव्हा बाबा जागे होते. “आउट नाही ना आलं?” त्यांनी विचारलं. मी चाक त्यांच्या हाताशी नेऊन फिरवलं. त्यांनी रिमजवळ बोट धरलं आणि फेरा पुरा होईपर्यंत तसंच ठेवलं.

आत बायको झोपली होती. अंगावर बाहेर जायचे कपडे होते आणि उशाशी गाडीची किल्ली.